बहात्तर ठोके

मगनला श्वास घ्यायची परवानगी होती. फक्त छाती हलवायची नव्हती.

नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मधल्या पलंगावर, तो सकाळी दहापासून पुतळा होऊन पडला होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. बाहेर फक्त उजवा हात, तोही पावडर फासलेला. प्राचार्या सुषमाबेन स्वतः कानाशी वाकून सांगून गेल्या होत्या, "मगनभाई, आजचा दिवस काढा. सोमवारी तुम्हाला कायम करायच्या कागदावर सही करते." मगन अकरा वर्षं रोजंदारीवर शिपाई होता. कायम होण्यासाठी तो पुतळाच काय, छताचा पंखासुद्धा झाला असता.

खरा पुतळा कपाटात होता. जपानी होता. त्याच्या मनगटात बॅटरीवर नाडी चालायची, मिनिटाला बरोबर बहात्तर ठोके, असं सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं. वापरला तर झिजेल म्हणून चार वर्षं तो कुलपात. मुलींनी तो काचेतून पाहायचा आणि जर्नलमध्ये 'नाडी ७२' लिहायचं. परीक्षेखेरीज फक्त दसऱ्याला कपाट उघडायचं. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याची पूजा करायची, ही सुरतेची रीत. माग पुजतात तसा हाही पुजला जायचा. हळदीकुंकू, हार, आणि पायाशी पेढे.

प्लेगनंतर शहर चकाचक झालं होतं. हाकललेले उंदीर गेले कुठे, ते परीक्षेच्या सकाळी कपाट उघडल्यावर कळलं. पेढे संपवून ते पुतळ्याच्या दोन्ही हातांकडे वळले होते.

विद्यापीठाने पाठवलेले परीक्षक, डॉक्टर भूपेंद्रभाई, वडोदऱ्याहून वेळेवर हजर झाले.

"चेहरा का झाकलाय?"

"रंग ओला आहे, सर," सुषमाबेन म्हणाल्या.

पहिली आली प्रियांका. तिने मगनचं मनगट उलट्या बाजूने धरलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बहात्तर."

"सरस! चालो, पुढची."

दुसरीने कोपर धरलं. बहात्तर. तिसरीने गडबडीत नुसती चादरच धरली. तिलाही बहात्तर लागले. आठवी-नववी झाल्यावर मगनच्या मनात शंका आली, आणि त्याने चादरीखाली डाव्या हाताने हळूच स्वतःची छाती चाचपून पाहिली. चालू होती. चांगली धडधडत होती.

एकोणीस मुली झाल्या. एकोणीस वेळा बहात्तर.

विसावी छाया. मगनने आवाजावरूनच ओळखलं. नवागामात त्याच्याच गल्लीत राहणाऱ्या, माग चालवणाऱ्या सुपडू कारागिराची पोर. गेल्या वर्षी याच परीक्षेत बसली आणि याच परीक्षेत पडली. या खेपेलाही नापास झाली तर काय, ते बापाने सांगूनच ठेवलं होतं, "मंग घर बठ आनी साड्यासले टिकल्या चिटकाड." पुतळ्याला हात लावता येईना म्हणून तिने वर्षभर गल्लीची नाडी मोजली होती. रातपाळी करून आलेले कारागीर, नळावर भांडणाऱ्या बायका, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या, कुणी म्हणजे कुणी सुटलं नव्हतं.

तिने तीन बोटं नेमकी जागेवर ठेवली. मगनला घाम फुटला. बाई गं, बहात्तर म्हण आणि सूट, तो मनात म्हणाला.

छाया पूर्ण मिनिटभर थांबली.

"एकशे अठरा, सर."

सुषमाबेनना मोठा खोकला आला.

"पुतळ्याला एकशे अठरा?" डॉक्टर म्हणाले. "परत मोज."

पुन्हा एक मिनिट.

"एकशे चोवीस. वाढतायत, सर. आणि हाताला घाम पण आहे."

"जपानी माल आहे ना!" सुषमाबेन घाईने म्हणाल्या.

डॉक्टर स्वतः उठले. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांनी मगनच्या मनगटावर टेकवली, आणि नजर टेबलावरच्या पुस्तिकेकडे टाकली.

"बहात्तर. कंपनी काय खोटं छापेल? लिहा बेन, नापास."

"सर, मी खरंच मोजले," छाया म्हणाली. ती रडली नाही. तिने मनगटही सोडलं नाही.

चादरीखाली मगनला सोमवार दिसला. सही दिसली, गोल शिक्का दिसला. मग टिकल्यांचं पाकीट दिसलं. तो उठून बसला.

"साहेब, एकशे चोवीस बरोबर आहेत," तोंडावरची चादर बाजूला करत तो म्हणाला. "मला आतून कळतंय ना."

डॉक्टर भूपेंद्रभाई आधी चहासकट खाली बसले, मग आडवे झाले.

मगनने त्यांना उचललं आणि आपल्याच जागेवर निजवलं. गादी गरमच होती. कायम व्हायचा विषय आता मिटलाच होता, तेव्हा त्याने चादरीला हाताची पावडरही पुसून टाकली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी डोळे किलकिले केले. हुशार म्हणून प्रियांका मनगट धरायला पुढे झाली. डॉक्टरांनी हात झटकन पोटाशी ओढून घेतला.

"तू नको! ती कुठे आहे? ती एकशे चोवीसवाली?"

छाया आली. तीन बोटं ठेवली. पूर्ण मिनिटभर थांबली. एकोणीस मुली, सुषमाबेन आणि मगन, कुणाचीच छाती हलत नव्हती.

"बहात्तर," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"खोटं नको बोलूस, बेटा," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "खरे किती आहेत?"