वरून आलेलं हसणं

वाशीमहून मालवणला यायचा हट्ट रत्नमालाबाईंचाच. मुलगा जाऊन वर्ष उलटलं, तरी सून तृप्ती घराबाहेर पडत नव्हती. सकाळी दोघींनी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. दुपारी खानावळीत तळलेली सुरमई आली, सोलकढी आली. तृप्ती नुसताच भात चिवडत राहिली.

ऊन कलल्यावर बाईंनी तिला बळेच पॅरासेलिंगच्या बोटीवर नेलं. बोटीने वेग घेतला, छत्री फुगली आणि तृप्ती समुद्रावर उंच गेली. आधी किंकाळी ऐकू आली. मग खळखळून हसणं. बाईंनी पदर तोंडाशी धरला. लग्नानंतर घरभर ऐकू यायचं ते हेच हसणं.

तृप्ती खाली उतरली. सासूचे ओले डोळे दिसताच तिचा चेहरा उतरला.

"चुकलं माझं, आई."

"काय चुकलं?"

"असं हसायला नको होतं मी."

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "हे ऐकायलाच तर तुला एवढ्या लांब आणलं, बाई."

तृप्ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. बोटवाला समुद्राकडे बघत उभा राहिला.

मग बाईंनी त्याला विचारलं, "दोघींना संगं जाता येते का वर?"

"येता की, आजी. पण भीती नाय ना वाटणा?"

"वाटते ना. म्हणून तर हिच्यासंग जाते."

तृप्तीने डोळे पुसले आणि सासूच्या कमरेचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला.