विमानाने तीन दिवस

"लंडन ते कराची विमानानं तीन दिवस लागतात. तू बोलावलंस की आलोच," असं आईला सांगून मुकुंद टेंभुर्णीहून शिकायला विलायतेला गेला होता. तिच्या आजाराची तार मिळताच तो खरोखरच विमानात बसला, पण वादळामुळे विमान बसऱ्याला अडकून पडलं. पुढे आगगाडीनं जालना आणि तिथून बैलगाडीनं तो घरी पोचला, तेव्हा आई जाऊन दोन दिवस झाले होते.

ओसरीवर धाकटी बहीण शरयू एकटीच बसली होती.

"अग्नी कुणी दिला?" त्यानं विचारलं.

"असं काय विचारून राह्यला, दादा? तूच तर दिला."

"मी तेव्हा बसऱ्यात होतो."

शरयूनं कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "आईचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. आम्हाला बाहेर पाठवून ती तुझ्याशी एकट्याशीच बोलली. काय बोलली, ते तू अजून सांगितलं न्हाई."

मुकुंदचं तोंड कडू झालं. आईचे शेवटचे शब्द त्याच्यासाठी होते, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी ऐकले होते.

तेवढ्यात माजघरातून हाक आली, "शरू, कोण आलंय गं?"

आवाज त्याचाच होता. तिला शरू म्हणणारा तो एकटाच होता.

शरयू उठली. तिनं त्याच्या धुळीनं भरलेल्या बुटांकडे पाहिलं, मग बराच वेळ चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं त्याला ओळखलं होतं.

"तो वेळेवर आल्ता," ती हळूच म्हणाली, आणि आत जाऊन तिनं कडी लावली.