मांडीवरचं लेकरू

“लेकरू हाय की तिच्या मांडीवर!” भाकरी थापता थापता शालननं लेकीच्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं.

पडद्यावर एक मूर्ती होती. पांढरीशुभ्र, चिनीमातीची, वीतभर उंचीची. कीर्ती जर्मनीतल्या एका संग्रहालयात नोकरीला होती. चीन-जपानकडच्या वस्तू तिथवर कशा पोचल्या, मुळात कुणाच्या घरातल्या, हे हुडकायचं तिचं काम. सुट्टीत सोलापूरला आली तरी ते सुटत नसे.

“ही क्वान-यिन, आई. चीनमधली बोधिसत्त्व. मूल होत नाही त्या बायका हिच्याकडं मागणं मागतात.”

शालननं पिठाच्या हातांनीच नमस्कार केला.

“सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन सैनिकानं हिला एका घरातून उचलून नेलं. ते घर आता सापडलंय.”

“मग ही जाणार तिकडं?”

“जाणार.”

शालन परातीतलं पीठ उगाच सारखं करू लागली. “आन् ज्यांनी इतकी वर्सं जपली, त्यांचं काय?”

“जपलं म्हणून आपलं होत नाही, आई.” कीर्तीनं मान वर न करताच सांगितलं.

तव्यावरून धूर निघाला. शालनची भाकरी कधी करपत नसे. “बघ की, बोलत बसले,” म्हणत ती हसली. चांगली भाकरी तिनं लेकीला वाढली, करपलेली स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. कळशी भरता भरता शालन छातीवर हात धरून खाली बसली. ती पुन्हा उठलीच नाही.

पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातली माणसं आली, सारी गल्ली येऊन गेली. पांगापांग झाल्यावर शालनची धाकटी बहीण कीर्तीला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“तिनं सांगितलं न्हाय, म्हणून मला सांगाया लागतंय. तू तिच्या पोटची न्हाईस, बाय. कुर्डुवाडीच्या दवाखान्यातनं आणली तुला. एवढीशी हुतीस. लई भ्यायची गं ती. म्हणायची, पोरीचं कामच मुळं हुडकायचं हाय, एक दिवस सोताचं हुडकील आन् जाईल निघून. मरायच्या आदल्या दिशी तर फोनवर नुसती रडत हुती.”

मावशी डोळे पुसत बाहेर गेली.

शालन गेल्यापासून घरात शेगडी पेटली नव्हती; जेवण शेजारून येत होतं. तवा होता तिथंच होता. त्यावर करपल्याचा काळा डाग होता. कीर्तीनं त्यावर तळहात ठेवला. तवा गार होता.

“मला ठाऊक होतं, आई,” ती म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या स्वयंपाकघरात तिलाच मोठा वाटला. “सातवीत असल्यापासून ठाऊक होतं. मला हुडकायचंच नव्हतं. मी कुटं जाणार नव्हते.”