सगळं शहर दाखव

माझ्या मुलाचा, अंबरीशचा, फोन बंद होऊन चौदा महिने झाले होते. माझी भाची अंतरा कामासाठी न्यूयॉर्कला गेली, तेव्हा त्याच्या तिथल्या जुन्या पत्त्यावर जाऊन आली.

"मामी, तिथे दुसरेच लोक राहतात. दादाने शहर सोडलेलं नाही, बस, इतकंच पता चला."

"मग तिथल्या एखाद्या उंच इमारतीवर चढ आणि मला व्हिडिओ कॉल लाव."

दुसऱ्या दिवशी तिने एका जुन्या, प्रसिद्ध इमारतीच्या शहाऐंशीव्या मजल्यावरून फोन लावला. इथे हिंदी मुलखात, आमच्या दौलतगंजात, दिवेलागण झाली होती.

"ती बघ नदी, मामी. और वो पूल..."

"पूल राहू दे गं. घरं दाखव. चारी बाजूंनी हळूहळू फिर, एकही घर सुटू देऊ नकोस."

"इतक्या वरून दादा थोडीच दिसणार आहे?"

"तू फिर."

ती गोल फिरू लागली. मी मूठभर मीठ-मोहरी घेऊन फोनवरून उतरवू लागले.

"मामी, दृष्ट काढतेस? पूरे शहर की?"

"तो समोर बसला असता, तर त्याच्या एकट्याचीच काढली असती."