तीनशेच्या वरची झाडं

झाडाचा घेर तीनशे सेंटिमीटरच्या वर गेला की ते झाड नसून टायपिंगची चूक असते, असा आमोद सरांच्या ऑफिसचा नियम होता. प्रज्ञेशला तो अहवाल जायच्या दिवशी, दुपारी सव्वाचार वाजता कळला.

सदाशिव पेठेतल्या त्या तीन खोल्यांत जंगलांचा कार्बन मोजला जाई. म्हणजे टेप जंगलात गुंडाळायची, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि त्या घेरावरून झाडात किती कार्बन साठलाय याचं गणित इथे पंख्याखाली करायचं. प्रज्ञेशने चार महिने राहून घाटमाथ्यावरचं एक जंगल मोजलं होतं. तिथे धरण व्हायचं होतं. हवेतला कार्बन कमी करणारी वीज त्यातून निघणार होती. जंगलात हेक्टरी शंभर टनांच्या आत कार्बन भरला तर ते तोडायचं आणि भरपाई म्हणून दुसरीकडे रोपं लावायची; शंभराच्या वर भरला तर धरणासाठी दुसरी जागा बघायची, हे कंपनीने लेखी मान्य केलं होतं. प्रज्ञेशच्या अंदाजाने आकडा एकशे ऐंशीला टेकत होता. अहवालात ब्याण्णव छापला होता.

संगणकावरचं गणित अक्षताकडे असे. तिने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, की सदतीस ओळी फिल्टरने गाळल्या. फिल्टर तिच्या आधीपासूनचा. पूर्वी कुणीतरी दशांशचिन्ह द्यायचं विसरलं आणि अठरा मीटर घेराचं आंब्याचं झाड थेट एका मोठ्या बैठकीत जाऊन पोचलं. लोक हसले. तेव्हापासून ऑफिसने मोठ्या झाडांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

सदतीस ओळी म्हणजे सदतीस झाडं. जंगलाचा निम्मा कार्बन त्यांच्यात होता.

प्रज्ञेश आत गेला. आमोद सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं. घाटमाथ्यावर वारा असतो, मातीचा थर पातळ असतो, झाडं खुजी राहतात. हे ते एम.एस्सी.ला शिकले होते आणि त्यानंतर डोंगराने त्यांना वेगळं काही कळवलं नव्हतं. प्रज्ञेश म्हणाला, हे जंगल कड्याआडच्या खोलगट जागी आहे, तिथे वारा पोचत नाही. गारव्यामुळे पडलेला पाचोळासुद्धा लवकर कुजत नाही. तीनशे वर्षं खोडांत आणि मातीत साठत आलेलं आहे हे सगळं. तोडलं तर दोन-चार उन्हाळ्यांत हवेत जाईल, आणि रोपांना ते पुन्हा साठवायला तितकीच वर्षं लागतील. तीही कुणी पाणी घातलं तर. मग त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. एका जांभळाला तिघांनी मिळून कवेत घेतलं होतं. मधला दत्तोबा, त्याच डोंगरावरचा, चार महिने टेपचं दुसरं टोक धरणारा.

सरांनी चष्मा वर करून फोटो निरखला.

"माणसं बुटकी असतील."

"दत्तोबा पावणेसहा फूट आहे, सर."

"अहो, मी तुमच्यावर अविश्वास दाखवतोय का? तळटीप देऊ की. काही मोठी झाडे असल्याचे समजते."

"समजते? मी मोजलीत ती."

"बरं, मग 'आढळतात' करू. तुमच्यासाठी."

प्रज्ञेशने अहवालावरून आपलं नाव काढायला सांगितलं. सरांना त्याचं वाईट वाटलं, पण उशीर झाला होता. झाडांची यादी गेल्या सोमवारीच कंपनीकडे गेली होती, आणि तिच्या प्रत्येक पानाखाली मोजणी करणारा म्हणून त्याचंच नाव होतं. त्या यादीवरून आज सकाळपासून कंपनीची माणसं झाडांवर नंबर टाकत होती.

"ती यादीही फिल्टरमधूनच गेली?"

"सगळं त्यातूनच जातं. शिस्त म्हणजे शिस्त."

"मग या सदतीस झाडांवर नंबर नसेल."

"कसा असेल? नंबर असलेलं झाड तोडलं की त्याचा जाब द्यावा लागतो, बदल्यात तीन रोपं लावावी लागतात. नंबर नाही, त्याचा जाब कोण मागणार?" सर हे कौतुकाने म्हणाले नाहीत की खेदानेही नाही. वर्गात व्याख्या सांगावी तसं म्हणाले.

चहा आला. तेवढ्यात प्रज्ञेशचा फोन वाजला. दत्तोबा होता. डोंगरावर रेंज एका खडकावरच मिळे, म्हणून तो नेहमीच ओरडून बोले, आज जास्तच.

"सायेब, बारक्या-मध्यम समद्या झाडांवर नंबर टाकलं त्यांनी. लाल रंगानं. पर मोठी हायेत ना, आपून मोजल्याली, त्यातल्या एकावर बी न्हाय. म्या सोता समदी फिरून बघितली. वाचली म्हनायची."

प्रज्ञेशने चहाचा कप बाजूला सरकवला.

"तुमी शब्द टाकला असनार, आमी वळखलं. आक्खी वाडी जमलीया हितं. देवीला नारळ फोडला, तुमच्या नावानं परसाद वाटतुया." मागे बायका हसत होत्या, कुणीतरी हलगी बडवत होतं.

सरांनी भुवया उंचावून विचारलं, काय, चांगली बातमी? आणि अहवाल पाठवायची खूण दारातून अक्षताला केली.

"दत्तोबा," प्रज्ञेश म्हणाला, "जरा ऐका."

"बोला की." मग फोन तोंडापासून लांब धरून दत्तोबा ओरडला, "ए, गप रं समदी. सायेब काय सांगत्यात ते ऐकू द्या."

हलगी थांबली. बायका थांबल्या. फोनमध्ये आता नुसती पानं सळसळत होती.