लेकीला बोललेलं

“चपला मागल्या दाराला हायत. उचल आन् चालू लाग! ह्या घरात काय ठेवलंय तुझं?”

सकाळी सकाळी तानाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. बोलत होत्या लेकीला, श्रुतीला. पण ओट्याशी कांदा चिरणारी त्यांची सून पूर्णिमा काही दूधखुळी नव्हती. लेकी बोले सुने लागे, हे मंगळवार पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

महिनाभर हेच चाललं होतं. “वखुत गेल्यावर रडून काय उपेग?” “कुणी हाताला धरून न्हेणार न्हाय तुला!” श्रुती खाली मान घालून ऐकायची. तिला कशाला लागेल? टायपिंगच्या क्लासमधल्या कुणा कांबळेच्या पोराबरोबर तिचं नाव आलं, तसा सासऱ्यांनी, आबांनी, क्लास बंद केला आणि ते प्रकरण मिटलं. आज शिरोळच्या बड्या बागायतदाराकडचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते.

पूर्णिमाने नवऱ्याला सांगितलं, तर अतुल म्हणाला, “आई श्रुतीला बोलती. तू कशाला अंगावर वढून घेतीस?”

म्हणे श्रुतीला! पूर्णिमा हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. परवाच तिने पोरांना ‘हिंट’ शब्द समजावला होता. हिंट म्हणजे आडून सुचवणं. शब्द आलाय बहुतेक ‘पकडणे’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून. म्हणजे हिंट ज्याची त्यानं पकडायची असते. आणि पकडण्यात पूर्णिमाचा हात कोण धरणार?

“मागं वळून बघशील तर माझी आन हाय तुला!” तानाबाई कडाडल्या. श्रुती डोळे पुसत मागच्या परड्याकडे गेली.

पूर्णिमाने विळी आपटली. तडक पुढच्या सोप्यात आली. आबा आणि अतुल पाहुण्यांसाठी जाजम अंथरत होते.

“आबा, आज निकाल लावा! शाळा करून ह्या घराचं सगळं मी वढायचं, आणि वर रोज ‘चालती हो’ ऐकायचं? घालवायचंय तर तोंडावर सांगा की!”

“अगं, पावणं येत्यात,” आबा गडबडले.

“येऊ देत! त्यांनाही कळू दे!”

अतुल मध्ये पडला, त्यालाही तिने झाडलं. शेजारणी दारात गोळा झाल्या. तानाबाई मात्र हूं की चूं करीनात. त्या गप्प, म्हणून पूर्णिमा आणखीच पेटली.

“ऱ्हावा तुम्ही सुखात. ही मी निघाले!”

ती तरातरा मागल्या दाराशी गेली. दार सताड उघडं होतं. तिच्या चपला जागेवर होत्या. श्रुतीच्या नव्हत्या.

पूर्णिमा हाक मारणार, तोच मागून तानाबाईंनी तिचं मनगट घट्ट पकडलं. म्हातारीचे डोळे भरले होते.

“पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “अजून जरा वराड की. त्यांची यष्टी सुटूस्तवर.”