आभाराच्या पाटीवरचा फोटो

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, सिनेमा सुरू होण्याआधी, पडद्यावर आभाराची पाटी आली. तमिळ सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे लांबलचक. अगदी शेवटी एका म्हाताऱ्याचा फोटो आणि एक ओळ : 'अप्पाजी, ही कथा तुमची.'

पटकथाकार विद्युलताने अंधारातच हात जोडले.

याआधी तिच्या दोन पटकथा परत आल्या होत्या. तिसरी होती एका टोळीविरुद्ध साक्ष देऊन पुढे लपून राहिलेल्या माणसाची. तीही अर्ध्यात अडली. तेव्हा चेन्नईत एग्मोरच्या मेसमध्ये तिच्या टेबलावर अप्पाजी येऊन बसले. तंजावरकडचे मराठी.

"कोर्टात कारकून होतो मा. साक्षीदार पुष्कळ बघितले."

आणि ते सांगत गेले. असा माणूस दाराकडे तोंड करून जेवतो. एकाच न्हाव्याकडे दोनदा जात नाही. कुणी विचारलं तर दर वेळी गाव वेगळं सांगतो. आठ महिने त्यांनी तिचं पान न् पान ऐकलं, चुका काढल्या. घरचा विषय निघाला की मात्र ते सांबार मागवत.

"तुमचं नाव घालणार हं मी."

"नको मा. फोटो तर नकोच नको."

"अहो, एवढं काय लाजता? नवरदेव आहात का?"

ते हसले नाहीत. तिला तो भिडस्तपणा वाटला. फोटो तिने आधीच हळूच काढून ठेवला होता.

मध्यंतरात तिशीतली एक बाई गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली. डोळे भरलेले.

"अक्का, तुमचे उपकार कसे फेडू? ते आमचे अप्पा आहेत. रागाने घर सोडून गेले. किती वर्षं शोधतोय आम्ही! भाऊ खाली गाडीत आहे. कुठे राहतात ते?"

त्या माणसाने एवढं दिलं, त्यातलं थोडं तरी आज परत करता येत होतं. तिने लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर लिहून दिला. बाई तिच्या पाया पडून धावतच जिना उतरली.

मग तिने फोन लावला.

"अप्पाजी, रागावू नका, फोटो घातलाच मी. आणि कोण भेटलं सांगू? तुमची मुलगी! निघालीसुद्धा तुमच्याकडे."

"माझं लग्नच झालं नाही मा," अप्पाजी शांतपणे म्हणाले. "किती जण आहेत?"

फोन कट झाला. अकरा चाळीसपर्यंत तो पुन्हा लागलेला नव्हता.